साठ फेरे आणि नथीचा चुंबक

काळाचौकीहून गिरगाव, गिरगावहून परत, मग दादर, मग वरळी कोळीवाडा. नकाशावर हात ठेवला तर हा सगळा प्रवास एका वितीत मावतो. एवढं अंतर लोक रोज कामासाठी जातात आणि त्याबद्दल एक अक्षर लिहीत नाहीत. मी लिहिते आहे, कारण मी हा प्रवास वडिलांच्या उंच काळ्या सायकलवर, ऑक्टोबरच्या उन्हात, शर्टाच्या बटणाएवढ्या एका चुंबकासाठी केला. आणि मी रागावलेली आहे. राग निवल्यावर लिहिलं की माझी वाक्यं सगळ्यांना मान्य होतील अशी होतात, म्हणून आताच लिहून टाकते.

माझे वडील बसचे ड्रायव्हर. तीन महिन्यांपूर्वी गाडीतून उतरताना त्यांचा पाय खड्ड्यात गेला आणि गुडघ्यातला लिगामेंट फाटला. उपचार झाले, काठी सुटली, ते चाळीचे तीन जिने चढू लागले. पण गाडी हातात द्यायची की नाही हे ठरवणाऱ्या डॉक्टरांनी गुडघ्याकडे न बघता एक कागद दिला. रोज वीस मिनिटं सायकलचं पायडल मारायचं, मिनिटाला साठ फेरे, सलग चौदा दिवस, आणि त्याची नोंद मोबाइलच्या ॲपमध्ये दिसली पाहिजे. दिसली तर स्टिअरिंग परत. नाही दिसली तर 'हलकं काम', म्हणजे डेपोच्या गेटवरची खुर्ची. त्या खुर्चीवर बसलेला ड्रायव्हर पुन्हा गाडीवर चढलेला बाबांनी आजवर पाहिलेला नाही.

फेरे मोजायला एक सेन्सर लागतो. ती एक छोटी डबी असते. मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळीवर ती बसवतात आणि पायडलच्या दांड्यावर एक चुंबक चिकटवतात. दांडा फिरला की चुंबक डबीसमोरून जातो आणि डबी एक फेरा मोजते. बस, एवढंच शास्त्र. गिरगावातल्या एका मोठ्या काचेच्या दुकानातून आम्ही तो संच आणला. बाबांनी सायकल गॅलरीत स्टँडवर लावली, मागचं चाक अधांतरी, आणि अकरा दिवस शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांखाली बसून पायडल मारलं. अकराच्या अकरा दिवस ॲपने हिरवी खूण दिली.

अकरावा दिवस दसऱ्याचा होता.

गुरुवार, काळाचौकी

आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं धुतात. आईची विळी, बाबांचा पान्ह्यांचा डबा, माझा लॅपटॉपसुद्धा पाटावर बसतो आणि हळदकुंकू लावून घेतो. बाबांनी सकाळी वीस मिनिटं पायडल मारलं, हिरवी खूण घेतली, आणि मग सायकल धुवायला काढली. जपून ठेवलेल्या बाटलीतल्या रॉकेलने त्यांनी साखळी, दांडे, रिमा, सगळं घासलं. मग तेल पाजलं, झेंडूची माळ घातली.

संध्याकाळी माळ काढताना लक्षात आलं की चुंबक जागेवर नाही. कंपनीने तो दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीवर बसवला होता. रॉकेलने पट्टी विरघळली आणि चुंबक कधीतरी गळून पडला. पाट, लादी, मोरी, सगळं शोधलं. तोवर फुलांच्या पाकळ्या, आपट्याची पानं आणि अक्षता यांची पिशवी निर्माल्यात गेली होती, आणि माझी खात्री आहे की चुंबकही तिच्यातच गेला.

 दुसरं काही तिथे चिकटवून पाहावं म्हणून मी पान्ह्यांच्या डब्याकडे हात नेला, तर आईने थांबवलं. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी हात लावायचा नाही. मी कोणत्याच देवाला मानत नाही, पण आईला मानते. डबा तसाच राहिला.

शुक्रवार, गिरगाव

सकाळी सायकल खांद्यावर घेऊन मी तीन जिने उतरले. त्या सायकलला मधोमध आडवी दांडी आहे आणि ती माझ्या मापाने घडवलेली नाही. सिग्नलला थांबायचं तर मला फुटपाथचा कठडा शोधावा लागतो. चिंचपोकळीचा पूल, सातरस्ता, लॅमिंग्टन रोड असं करत मी ऑपेरा हाउसला आले तेव्हा पाठ पूर्ण भिजली होती.

दुकानात थंड हवा होती आणि भिंतीवर सायकली चित्रांसारख्या टांगल्या होत्या. काउंटरवरच्या माणसाने मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, सगळं गोड. मग म्हणाला, "मॅडम, मॅग्नेट सेपरेट येत नाही. फुल किट घ्यावं लागेल. आणि ते पण आता आउट ऑफ स्टॉक, तीन आठवडे लागतील."

मी विचारलं, बटणाएवढा चुंबक सुटा का मिळत नाही. तर तो कंपनीची पॉलिसी म्हणाला. मी विचारलं, मग पडलेला बदलून द्या, घेऊन महिनासुद्धा झालेला नाही. त्याने विचारलं, कसा पडला. मी खरं सांगितलं. ही माझी चूक.

"रॉकेल लावलं? मग ते केमिकल डॅमेजमध्ये येतं, मॅडम. वॉरंटी गेली." मग त्याने काचेतून बाहेर उभ्या सायकलकडे पाहिलं. "आणि ही सायकल तशी कम्पॅटिबल पण नाहीये."

संच विकताना हीच सायकल बाहेर उभी होती. तेव्हा चालली.

मी तिथे काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही, पण एक मुद्दा लिहिते. ज्या शहरात दसऱ्याला टॅक्सी धुतली जाते, लेथ मशीन पुसलं जातं, शिंप्याचं मशीन रॉकेलने घासून हार घालून उभं केलं जातं, त्या शहरात तुम्ही दुकान मांडून बसता आणि तुमच्या मालाला दसरा सोसत नाही. म्हणजे माल बनवणाऱ्याने आमच्यासारख्यांच्या घरात तो जाईल असं धरलेलंच नाही. आणि त्याचं खापर फुटतं ते रॉकेलच्या फडक्यावर. माणूस ऐकत होता, मान हलवत होता, आणि शेवटी त्याने मला रेटिंग द्यायची विनंती केली.

फणसवाडीच्या तोंडाशी एका दुकानात मी पियूष मागवलं. थंड, घट्ट, वर जायफळ. अर्धा पेला संपेपर्यंत मी पियूषवाल्याला सगळी हकीकत सांगून टाकली होती. त्याने वादात भाग घेतला नाही. पलीकडच्या वाडीत नेल्सन अंकल रेडिओ दुरुस्त करतात, त्यांच्याकडे जा, एवढंच म्हणाला.

नेल्सन अंकलचं घर लाकडी जिन्याचं, बाहेर क्रूस आणि त्या क्रूसाला झेंडूची माळ. मी माळेकडे पाहते आहे हे बघून ते म्हणाले, खालच्या जोशीण बाई दरवर्षी दसऱ्याला घालतात, आणि नाताळात ते त्यांना केक देतात. सत्तरी ओलांडलेला माणूस, बनियन आणि हाफ पँट, कपाळावर भिंग चढवलेलं. मी दारातूनच बोलायला सुरुवात केली तर त्यांनी हात वर केला.

"बस आधी. पाणी पी. मग शिव्या दे कंपनीला."

त्यांनी ड्रॉवर उपसला. पहिल्यांदा एका जुन्या स्पीकरचा चुंबक काढला. तो एवढा जाड की दांडा फिरला की डबीवर आपटायचा. मग इयरफोनमधला काढला. तो इतका बारीक की डबीला त्याचा पत्ताच लागेना. आमच्या सायकलचा दांडा आणि नळी यांच्यात नव्या सायकलींपेक्षा जास्त फट आहे, हे त्यांनी दोन बोटं घालून दाखवलं. शेवटी कपाटाच्या दाराला लावतात तो चुंबकी खटका त्यांनी पकडीने फोडला, आतली काळी वडी काढली, खाली जुन्या रबरी चपलेचा तुकडा उंचीसाठी ठेवला आणि वरून सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली. मी पायडल हाताने फिरवलं. मोबाइलवर आकडा आला. मला त्या म्हाताऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं.

मग त्यांनी गंमत दाखवली. मघाचा स्पीकरचा चुंबक हातात धरून त्यांनी डबीसमोर नुसता हलवला. मोबाइलवर बेचाळीस, पन्नास, साठ. सायकल जागची हलली नव्हती.

"बघ. याला पाय कळत नाही, गुडघा कळत नाही. याला फक्त मॅग्नेट कळतो. पंख्याच्या पात्याला लावून ठेव, तुझा बाप झोपला तरी साठ देईल."

मी हसले. पण परत निघाले तेव्हा ते वाक्य माझ्याबरोबर सायकलवर बसलं होतं. तीन महिने खात्यातल्या कुणी एका माणसाचा पाय दाबून पाहिला नाही, आणि ज्या यंत्रावर सगळं सोपवलं त्याला पाय म्हणजे काय हेच माहीत नाही.

लालबागला पुलाखाली मी एका खड्ड्यात गेले. खड्डा म्हणण्याला अर्थ नाही, गणपतीच्या मंडपाचे बांबू रोवलेले होते तिथलं भोक कुणी बुजवलं नव्हतं. ट्यूबची पट्टी दसऱ्याच्या तेलावरून सटकली आणि वडी उडाली. मी मागे वळून पाहिलं तर ती रस्त्याच्या मध्यभागी, गटाराच्या लोखंडी झाकणावर टाळकन जाऊन चिकटली होती. मागे बस, टेम्पो, दोन टॅक्स्या. मी गुडघ्यावर बसून नखांनी वडी ओढते आहे आणि सगळे हॉर्न वाजवत आहेत. एक टॅक्सीवाला खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "ताई, झाकण घरी नेताय का?" वडी निघाली, पण दोन तुकडे होऊन. जवळ ठेवून ते जुळवले तर ते एकमेकांना ढकलू लागले.

चिवडा गल्लीतून गरम तळणीचा वास येत होता. मी आईसाठी पोहे चिवडा घेतला, कारण रिकाम्या हाताने घरी जायचा धीर नव्हता.

संध्याकाळी तरीही बाबा सायकलवर बसले. लुंगी, बनियन, गळ्यात पंचा. मी म्हटलं, मोजणार कोण.  भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत त्यांनी वीस मिनिटं पायडल मारलं, एकाच लयीत, जसे ते रिकाम्या रस्त्यावर गाडी चालवतात. गॅलरीच्या लादीवर घामाचे थेंब पडत होते आणि मोबाइलवर शून्य होतं. ते उतरल्यावर ॲपने निळ्या अक्षरात लिहिलं, 'आज तुम्ही विश्रांती घेतलीत. शाब्बास!'

माझं डोकं फिरलं. आजोबा गिरणीत होते, आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त आली आणि मी वाचायला त्यांच्यावरच शिकले. त्यामुळे मला राग आला की मी पत्रक लिहिते. तासाभरात एक पानी मजकूर तयार केला आणि खालच्या झेरॉक्सवाल्याकडून पन्नास प्रती काढून आणल्या. वर मथळा होता, 'घामाला शून्य?' दुकानासमोर वाटणार होते.

बाबांनी एक प्रत वाचली, घडी केली. "बरा लिवलंहस," ते म्हणाले. "पण आधी चुंबक आण, मगे पत्रक वाट."

तेव्हा मी ते वाक्य बोलून टाकलं. म्हटलं, पंख्याला लावू. कुणाला कळणार आहे. तुमचा गुडघा बरा आहे हे तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे. त्यांना आकडा हवा, आकडा देऊ.

बाबांनी पंच्याने मान पुसली.

"गो बाय, गाडयेत साठ माणसां असतत. आकडो खोटो असलो आणि गुडघोय खोटो निघालो, तर ब्रेक कोण मारतलो?"

मी पत्रकं पिशवीत भरून ठेवली.

शनिवार, दादर

सलग चौदा आता होणार नव्हते, पण उरलेले दोन दिवस तरी नोंदले जायला हवे होते, आणि शनिवारी सकाळी मला उत्तर कपाटावर सापडलं. दसऱ्याला आईच्या आग्रहाने मी नथ घातली होती. माझं नाक टोचलेलं नाही, म्हणून ती चुंबकाची नथ, नाकाच्या आत एक टिकली, बाहेर मोत्यांची नथ आणि दोन्ही एकमेकींना धरून. काढल्यावर मी ती गोदरेजच्या कपाटाच्या दाराला लावून ठेवली होती. दाराला लोंबकळणारी ती नथ मी ओढून पाहिली. सहजी निघेना. एवढासा चुंबक, पण जोर केवढा.

मी पक्कड घेतली तर आई म्हणाली, सणाची नथ मोडायची नाही, जिथून आणली तिथून दुसरी आण. म्हणून परळ, हिंदमाता करत, पूल ओलांडून दादर पश्चिमेला.

दसऱ्यानंतरचं दादर बघायचं असेल तर सकाळीच जावं. फुलबाजारात झेंडू गुडघाभर पडलेला असतो, दोन दिवसांपूर्वी हात लावू देत नव्हते तो. माणसं त्यावरून चालतात, गाई खातात, आणि बाजूला शेवंतीवाली नव्या दिवसाच्या नव्या भावाने ओरडत असते. त्या गर्दीत फुटपाथवर सुगंधाताई बसतात, मखमलीच्या फळीवर नथी टोचलेल्या. कोळणीचं पातळ, स्वतःच्या नाकात सोन्याची, टोचलेली, खरी नथ.

मी म्हटलं, नथ नको, फक्त तिचा चुंबक हवा, सायकलसाठी. त्यांनी मला वरून खाली पाहिलं, मग सायकलला पाहिलं.

"सायकलीचं नाक टोचलेलं नाय काय?" म्हणाल्या आणि स्वतःच पोट धरून हसल्या.

मग त्यांनी बसायच्या गोणपाटाखालून एक पानाची डबी काढली. उघडली तर आत सुटे चुंबक, भरगच्च, एकमेकांना बिलगून. मी विचारलं, एवढे कशाला. त्या म्हणाल्या, पोरी नाचतात, शिंकतात, चुंबक पडतातच, नथीला त्याच्यापायी कोण टाकून देतं, आली की दुसरा लावून देते.

मी फुटपाथवर उभी राहून ती डबी बघत होते. ज्या दुकानात भिंतीवर सायकली टांगल्या आहेत तिथे सुटा चुंबक मिळत नाही, आणि गोणपाटावर बसलेल्या बाईकडे डबीभर आहेत, कारण वस्तू वापरली की तिचं काहीतरी पडणार हे तिने विकण्याआधीच धरलं आहे. दुकानदारी म्हणजे काय हे मला त्या डबीने जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या पत्रकाने शिकवलं नव्हतं.

त्यांनी तीन चुंबक एकावर एक चढवून दांड्यावर ठेवले. दांडा लोखंडी, त्यामुळे ते आपोआप चिकटले. मी पायडल फिरवलं, आकडा आला. स्वच्छ, दर फेऱ्याला एक. पैसे विचारले तर त्यांनी हाताने झटकून टाकलं आणि एक सल्ला दिला. चिकटवू नको, बांध. बांधता येत नसेल तर वरळीला कोळीवाड्यात माझ्या भावाकडे जा, पांडू, जाळी बांधतो, त्याला सांग मी धाडलं.

मी हो म्हटलं आणि गेले नाही. एवढ्याशा कामाला कोण वरळीला जातं, असं मला वाटलं. वाटेत काळी इन्सुलेशन टेप घेतली, घरी येऊन दांडा पुसला आणि चुंबकावर चार वेढे दिले.

संध्याकाळी आठव्या मिनिटापर्यंत सगळं ठीक होतं. मी मोबाइलकडे बघत होते, एकसष्ट, साठ, साठ. मग आईने हाक मारली आणि मी आत गेले. परत आले तर बाबा फिरवतच होते आणि मोबाइलवर शून्य होतं. उकाड्याने टेपचा डिंक पातळ झाला होता, खाली मुरलेलं तेल वर आलं होतं, आणि बाबांच्या लुंगीच्या काठाने पुसत पुसत टेपेसकट चुंबक दांड्याच्या टोकाला, पार पायडलपाशी नेऊन ठेवला होता. तिथून तो डबीसमोर येतच नव्हता. ॲपने लिहिलं, 'अपूर्ण'.

हा दिवस माझ्या नावावर. कंपनीच्या नाही, दुकानाच्या नाही. मला वरळीपर्यंत जायचा कंटाळा आला म्हणून बाबांचा तेरावा दिवस गेला. बाबांनी टेप सोलून काढली आणि चुंबक माझ्या हातावर ठेवले.

रविवार, वरळी कोळीवाडा

वरळी नाक्यापर्यंत उंच काचेच्या इमारती तुमच्याकडे बघत राहतात. मग रस्ता वळतो, अरुंद होतो, आणि एकदम सुकत घातलेल्या बोंबलांचा वास येतो. सायकल हातात धरूनच चालावं लागतं, कारण गल्लीत एका वेळी एकच माणूस आणि एक मांजर मावतं. दारात बायका कोलंबी सोलत होत्या. एकीने विचारलं, कुणाकडे, आणि मी पांडू म्हटल्यावर तीन घरांतून तीन हात एकाच दिशेला दाखवले गेले.

पांडूदादा होड्यांजवळ ताडपत्रीच्या सावलीत बसले होते, मांडीवर हिरवं जाळं, पायाच्या अंगठ्यात दोरा ताणलेला. मी सुगंधाताईंचं नाव सांगितलं. त्यांनी काम थांबवलं नाही.

"कालच येनार व्हतीस ना? तिनं फोन केलता."

मी खाली मान घातली. टेप लावली होती, असं म्हटलं. त्यांनी दांड्यावरचा काळा चिकट राडा बघितला आणि फडक्याने पुसून काढला.

जाळं पाण्यात तळाला बसावं म्हणून त्याच्या खालच्या दोरीला शिशाच्या गोळ्या बांधतात. त्यांनी मला एक दाखवली. मासळी ओढते, खडक घासतात, पाणी ओढतं, पण गोळी हलत नाही. कशाने चिकटवतात, असं मी विचारलं. ते पहिल्यांदाच हसले.

"दर्यान कायपन चिकटत नाय, पोरी. बांदायचं. आनि ओला असताना बांदायचं, म्हंजे सुकला का आवळतो."

हाच तो मुद्दा. मी दोन दिवस दांडा कोरडा करण्यात घालवले होते आणि हा माणूस दोरा समुद्राच्या पाण्याच्या डब्यात बुडवत होता. घरच्या जाळ्याला तो अजून सुताचाच दोरा वापरतो, नायलॉन नाही, कारण नायलॉन सुकून आवळत नाही. त्यांनी तीन चुंबक फाटक्या जाळ्याच्या एका बारीक चौकटीत घातले, जशी गोळी घालतात तशी, आणि दांड्याभोवती दोरा फिरवून उलटसुलट दोन फास टाकले. मग दात लावून ओढला.

गाठ आवळताना चुंबक थोडे आत दाबले गेले आणि डबीपासूनची फट थोडी वाढली. डबी आत सरकवायला तिच्याखाली काहीतरी द्यायला हवं होतं. पांडूदादांनी विचारलं, जाड कागद हाय काय. माझ्या पिशवीत पन्नासातली एकोणपन्नास पत्रकं होती. मी सहा काढून दिली. त्यांनी त्यांची घट्ट घडी केली, डबीखाली सारली आणि वरून त्याच ओल्या दोऱ्याने वेढे दिले. 'घामाला शून्य?' मधला फक्त 'शून्य?' बाहेर दिसत राहिला. माझ्या लिखाणाचा एवढा नेमका उपयोग आजवर कुणी केलेला नाही.

दोरा सुकेपर्यंत त्यांच्या बायकोने मला तांदळाची भाकरी आणि तळलेला ताजा बोंबील वाढला. आमच्याकडे कोकणात बोंबील दगडाखाली दाबून पाणी काढून तळतात, कुरकुरीत. इथे न दाबताच तळला होता, आत लोण्यासारखा. मी आमची पद्धत सांगितली तर ती म्हणाली, लांबनं आणलेला बोंबील दाबावा लागतो, दारात उतरलेल्याला कशाला.

निघताना मी पांडूदादांना विचारलं, ही गाठ सोडायची कशी. ते म्हणाले, ती सुटायची नाही, कापावी लागेल.

त्या संध्याकाळी वीस मिनिटं मी जागची हलले नाही. साठ, साठ, एकोणसाठ, साठ. हिरवी खूण आली तेव्हा बाबांनी दोरा अंगठ्याने चाचपला आणि म्हणाले, "ह्या काम."

सोमवार

तो कागद देणारे खात्याचे डॉक्टर तरुण होते, थकलेले होते, बाहेर पंधरा माणसं बसली होती. त्यांनी मोबाइलवर बोट फिरवलं. अकरा हिरवे, एक विश्रांती, एक अपूर्ण, एक हिरवा. "सलग चौदा नाहीत," ते म्हणाले आणि पेन उचललं. मी पत्रकं काढायला पिशवीत हात घातला. बाबांनी माझ्याकडे न बघताच माझं मनगट धरलं.

"साहेब," ते म्हणाले, "सायकल खाली आहे. तुम्हीच मोजा. यंत्र नको, तुम्ही."

डॉक्टरांनी वेळ नाही असं सांगितलं. बाबा उठले नाहीत. वाद घातला नाही, आवाज चढवला नाही, फक्त खुर्चीवर बसून राहिले, आणि बाहेरून पुढचा माणूस दारात डोकावू लागला. शेवटी त्याला वाट करून द्यायला म्हणूनच असेल, पण डॉक्टर खाली आले.

आवारात बाबांनी सायकल स्टँडवर घेतली आणि पायडल मारू लागले. डॉक्टर आधी मोबाइल बघत होते. मग मनगटावरचं घड्याळ बघू लागले, ओठ हलत होते. मग त्यांचं लक्ष दांड्यावर गेलं.

"हे काय बांधलंय?"

"नथीचा चुंबक," बाबा म्हणाले. "कोळ्याची गाठ."

डॉक्टर वाकले. गाठ नीट दिसेना म्हणून खाली बसले, बोट लावून पाहिलं. आणि तसे खाली बसलेच होते म्हणून, दांडा फिरत असतानाच, त्यांनी दुसरा हात बाबांच्या गुडघ्यावर ठेवला. वाटी वर जाते आहे, खाली येते आहे, ते हाताला लागत असावं. हात बराच वेळ तिथेच होता.

"इथे दुखतं?"

तीन महिन्यांत त्या खात्यातल्या कुणीही बाबांना विचारलेला हा पहिला प्रश्न.

बाबा म्हणाले, पावसात दुखायचं, आता नाही. डॉक्टरांनी त्यांना उतरवून उकिडवं बसवलं, एका पायावर उभं केलं, दाबून पाहिलं. मग तिथेच कॅरिअरवर कागद ठेवून सही केली. महिनाभर सकाळची पाळी, मग पुन्हा तपासणी, पण गाडीवर.

मला आनंद झाला, आणि राग गेला नाही. वर बाकावर पंधरा माणसं बसली होती आणि त्यांतल्या कुणाची सायकल खाली उभी नव्हती. त्यांची विश्रांती, त्यांचं अपूर्ण, कोण वाकून बघणार आहे? उरलेली त्रेचाळीस पत्रकं मी त्या बाकावर वाटली. पुढची मजकूर बदलून छापणार आहे, आणि त्यात दुकानाबद्दल कमी आणि त्या बाकाबद्दल जास्त असेल.

बाबा आता पहाटे त्याच सायकलवर डेपोला जातात. सेन्सरची डबी त्यांनी दोरा कापून काढली आणि कपाटात टाकली, पत्रकांची घडी मला परत केली. दांड्यावरची गाठ मात्र त्यांनी कापली नाही. काळाचौकीच्या रस्त्यावर तो नथीचा चुंबक त्यांच्या पायाबरोबर वर जातो, खाली येतो. त्याच्यासमोर आता काहीच नाही, आणि बाबा आपल्या लयीत पायडल मारत जातात.